आपल्या होडीचा ठोका

१७ नोव्हेंबर १९९६

ही डायरी ९४ सालची आहे. तारापूरला रंगाच्या एका कारखान्यात मी पिंपं धुवायचो, तिथे उरली होती, सुपरवायझरने दिली. वार सगळे चुकीचे छापलेले. म्हणून वाराकडे बघायचं नाही, तारीख तेवढी खरी धरायची.

मी कुठे आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच कळायचं नाही. सध्या मी वैतरणा खाडीत रेतीच्या होडीवर आहे. ‘सध्या’ हा माझाच शब्द आहे असं जयवंती म्हणते. चिंचणीला सध्या दहावीत होतो, ती दोनदा हुकली. मग सध्या थेटरात रिळं गुंडाळायला, सध्या पिंपं धुवायला. आता सध्या होडीवर.

होडीत आम्ही दोघं. विश्रामकाका डुबी मारतात, मी वर बसतो. खाडीच्या तळात लांब बांबू रोवलेला असतो. काका बालदी घेऊन तो बांबू धरून खाली जातात, रेती भरतात, मी दोराने बालदी ओढतो. खाली डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा गढूळ काळोख. म्हणून एक हात सतत बांबूवर. ओहोटीची भरती होऊन पाणी फिरलं, मोठी होडी अंगावर यायला लागली, काही झालं, की मी दांडक्याने बांबू वाजवायचा. ठक ठक ठक. ठोका पडला की काका हातातलं टाकून वर येणार, विचार करत बसणार नाहीत. विचार करणारे राहत नाहीत, असं तेच म्हणतात.

आज ते वर आले आणि होडीची कड धरूनच राहिले. ओठ निळे.

"काय झालं काका?"

"खाली हवा कमी झालीय रे."

खाली कधी हवा असते का! मी हसलो. तेही हसले, पण त्या हसण्यातून खोकला निघाला तो थांबेचना.

२१ नोव्हेंबर

जयवंती काकांची एकुलती एक मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेली. बोईसरला गोळ्यांच्या कंपनीत पाकिटं भरायला जाते, त्यामुळे घरात औषधापाण्याचा शेवटचा शब्द तिचा. ती सांगत होती, काका आडवे होतच नाहीत, आडवं झालं की छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. कुडाला टेकून बसल्या बसल्या झोपतात. पाय तर असे सुजलेत की चपलेत जाईनात.

"मी सुट्टी टाकलीय. माज्या बाला पालघरला नेते. तू येनार काय, चिंचणी?"

मला खाडीवर सगळे चिंचणीच म्हणतात. माझं नाव चिंतामण आहे हे कोणाला ठाऊकही नसेल. मी खरंतर आज वापीला जाणार होतो, तिथे मित्र आहे, काम बघून ठेवलंय म्हणाला होता. पण वापी काय, उद्याही तिथेच असणार.

डॉक्टर मंगला राऊत इथल्याच, त्यामुळे काकांचं बोलणं त्यांना कळतं. एक्सरे उजेडाच्या काचेवर लावला तर मी पुढे जाऊन नाकच लावलं. बाप रे! हृदय मुठीएवढं असतं असं शाळेच्या पुस्तकात होतं. काकांचं म्हणजे पावसाळ्यातला भोपळा!

"केवढं मोठं काळीज!" मी म्हटलं.

"काळीज मोठं नाही," बाई म्हणाल्या. "काळजाभोवती एक पिशवी असते. तिच्यात पाणी भरलंय. फुप्फुसांच्या बाजूलाही आहे. म्हणून दम लागतो, विश्रामभाऊ."

काकांनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "बाय, खारं का गोडं?"

"काय?"

"पानी. खारं असंल तर खाडीचं शिरलं असंल. गोडं असंल तर मग माजंच, घरचं."

बाई इतक्या हसल्या की बाहेरचे पेशंट डोकावले. मग म्हणाल्या, बहुतेक टीबीचं असावं, पण नुसत्या ‘बहुतेक’वर मी छातीत सुई घालणार नाही.

जयवंती अजिबात हसली नाही. परत येताना मी तिला भोपळ्याचा विनोद सांगितला तर म्हणाली, "तुजं तोंड बंद करायला गोळी असती तर मीच पाकिटात भरली असती."

२५ नोव्हेंबर

आज सोनोग्राफी. काळ्या पडद्यावर काळं पाणी. काकांच्या छातीचा पिंजरा असा मोठा नि रुंद की आतलं नीट दिसेचना. बाईंनी कागदावर काढून समजावलं, ते मी इथे उतरवतो.

पिशवीत नुसतं पाणी असेल तर सोपं. सुईने काढायचं, टीबीच्या गोळ्या चालू करायच्या, माणूस उभा राहतो. पण पिशवीचं कातडं जाड होऊन काळजाला आवळत असेल, तर सुईचा उपयोग नाही. छाती उघडून ते कातडं सोलावं लागतं. आणि आत्ताच्या तब्येतीत...

बाई तिथेच थांबल्या. मी म्हटलं, "आत्ताच्या तब्येतीत काय?" तर जयवंतीने माझ्या पायावर पाय दिला. चांगलाच दिला.

काका म्हणाले, "बाय, छाती उगडायची असंल तर मी घरीच बरा. मना मासा साफ करतात तसा नाय फाडायचा."

"म्हणूनच आधी बघायचं, कातडं केवढं आहे ते," बाई म्हणाल्या. "मुंबईला माझ्या सरांकडे एम.आर.आय. आलंय. चुंबकाचं मशीन. सहसा डोक्याचे नि मणक्यांचे फोटो काढतात. सरांनी आता हृदयाचे काढायला घेतलेत, शनिवारी दुपारी. त्यांना पेशंट हवेच आहेत, खर्चाचं ते बघतील."

"सुरी?"

"सुरी नाही, सुईसुद्धा नाही. पोकळ नळीत झोपायचं, बस."

मग बाईंनी जे सांगितलं त्याने मला वेडच लागायचं बाकी राहिलंय! हे मशीन पाण्याचेच फोटो काढतं! अंगातल्या पाण्याचे कण न् कण चुंबक एका रांगेत उभे करतं, मग रेडिओसारखी लहर सोडून त्यांना ढकलतं, ते परत रांगेत येताना बारीक खूण देतात, त्या खुणांचं चित्र होतं. शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर मी दहावी हुकलोच नसतो. काकांनी जन्मभर पाण्याच्या आत जाऊन बघितलं, आता हे मशीन काकांच्या आतलं पाणी बघणार!

हे मी स्टेशनवर मोठ्याने बोललो. जयवंती म्हणाली, "तू वापीला गेलेला परवडशील." पण काकांनी मला सगळं परत एकदा सांगायला लावलं.

३० नोव्हेंबर

थेटरातून येताना एका फुटक्या कर्ण्यातलं चुंबक मी आणलं होतं, ते आठवलं. दोरीला बांधून रेतीच्या ढिगावरून ओढलं, सहज. वर उचललं तर चुंबकाला काळीकुट्ट दाढी! रेतीत लोखंडासारखे काळे कण असतात, ढीगभर. होडी बंद म्हणून सध्या काठावर रेती भरतो; दुपारभर हाच उद्योग केला, दोन बालद्या राहिल्या भरायच्या.

आणि मग एकदम डोक्यात आलं. मशीनजवळ लोखंड नेलं तर ते खेचून घेतं, असं बाईंनी बजावलंय. आणि काका? त्यांच्या कानात, नखांत, पायांच्या भेगांत, जुन्या जखमांत जन्मभराची रेती! मशीन ती अंगातून ओढून बाहेर काढेल की काय?

पळत घरी गेलो. जयवंतीला सांगितलं. तीही घाबरली, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण नंतर ती नाही म्हणते. तिने काकांना घंगाळाजवळ बसवून काथ्याने असं घासलं की काका ओरडायला लागले, "अगं मी रेती काढतो, मी काय रेती हाय काय?" मग मी चुंबक घेऊन डोक्यापासून पायापर्यंत फिरवलं. कानामागे एक काळा कण निघाला! एकच, पण निघाला!

३ डिसेंबर

बाईंना विचारून आलो. म्हणाल्या, रेतीने काही होणार नाही, पण अंघोळ घातलीत ते बरं केलंत. त्या फार वेळ टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या.

काकांचा दम वाढलाय. अंगणातून माजघरात जाताना मध्ये एकदा बसतात.

७ डिसेंबर

काही झालं नाही. म्हणजे झालं ते वाईटच.

रामबली चिंचणीहून चिकूच्या पेट्या मुंबईला नेतो. त्याच्या टेंपोत पुढे काका नि जयवंती, मागे पेट्यांवर मी. निघाल्यापासून तो काकांना धीर देत होता, "चच्चा, फोटो ही तो है, खिंचवा लो. हमारी शादी में इससे ज्यादा तकलीफ हुई थी."

मशीन बघितलं! पांढरं, गोल, मध्ये भोक, एखाद्या राक्षसाची बांगडी उभी ठेवावी तसं. खोली गार. ते चालवणारा प्रताप म्हणून तरुण आहे, माझ्यापेक्षा चारेक वर्षांनी मोठा असेल. काचेपलीकडे बसतो आणि आत लाऊडस्पीकरवर बोलतो. मला काचेजवळ उभं राहू दिलं. मी एवढे प्रश्न विचारले की तो म्हणाला, "तू बोलणं थांबवलंस तर मी मशीन चालू करतो."

काकांना उशीवर जरा उंच करून झोपवलं, छातीला वायरी लावल्या, आत सरकवलं. काळीज हलतं, छातीही हलते, म्हणून फोटोपुरता श्वास रोखायचा. प्रताप म्हणाला, "श्वास घ्या... रोखा." काकांनी रोखला. डुबी मारणारा माणूस, त्याला ते काय सांगायचं!

मशीन सुरू झालं. ठक ठक ठक ठक, अख्खी खोली वाजायला लागली. आणि काकांनी फुस्सकन श्वास सोडला, हनुवटी वर केली, हात वर नेले, ते नळीला आपटले.

परत. "रोखा." रोखला. ठक ठक ठक. फुस्स, हनुवटी वर.

किती वेळा केलं कोण जाणे. फोटो आले ते खाडीवर ऊन हलावं तसे, नुसता थरथराट. मोठे सर येऊन बघून गेले. प्रताप म्हणाला, "घाबरतायत ते. बंद जागेत होतं असं पुष्कळांचं."

"मी घाबरत नाय," काका बाहेर आल्यावर म्हणाले. "पन काय होतं ते मना बी कलत नाय. अंगच वर येतं."

सर म्हणाले, पुढच्या शनिवारी एकदा बघू. नाही जमलं तर वाट बघण्यात अर्थ नाही, ऑपरेशनचंच ठरवावं लागेल.

येताना काका पुढे रामबलीशेजारी बसले. जयवंती चिकूच्या रिकाम्या पेट्यांवर माझ्याशेजारी येऊन बसली नि रडली. मी तिला पाण्याच्या कणांची रांग परत समजावून सांगितली. तिने ऐकून घेतली.

९ डिसेंबर

कळलं! कळलं! कळलं!

घाईत लिहितोय, अक्षर वाचता येईल ना? आज दुपारी काका काठावर बसले होते, घरात करमत नाही म्हणून. मी शेजारी, वापीच्या मित्राला पत्र लिहीत. समोर देवूची होडी, तोही डुबीवालाच. देवूच्या पोराने बांबू वाजवला, ठक ठक ठक. मी सहज काकांकडे बघितलं. हनुवटी वर! फुस्स करून श्वास सोडला! बसल्या जागी!

"काका! आत्ता काय केलंत?"

"कुठं काय?"

मी दांडका उचलून शेजारच्या पिंपावर मारला. हनुवटी वर! परत मारला. परत वर! काका माझ्याकडे बघायला लागले, मी काकांकडे, आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"आयला! ते मशीन मना वर बोलवत होतं रे!"

ठोका मी देतो! रोज माझ्याच हाताने देतो! आणि काचेजवळ नाक लावून उभा राहिलो, ठक ठक ऐकलं, आणि मनात काय, तर हे मशीन कोणत्या देशात बनलं असेल. मला कोणीतरी फोडून काढलं पाहिजे.

१० डिसेंबर

आज उलटं शिकवायला घेतलं. ठोका पडला तरी वर यायचं नाही. मी पिंप वाजवतो, काका श्वास धरून पडतात. ठक झालं की हनुवटी वर. देवू आला, त्याने घमेलं वाजवलं. शेजारची ठमीआजी पितळी घेऊन आली, का ते न विचारताच वाजवायला लागली. गावात कोणीतरी उठवलं की गिऱ्हाण लागलंय, ग्रहणात वाजवतात तसं वाटलं असेल. काका शेवटी चिडले.

"आरं, जल्मभर ज्यानं जगवलं ते एका दिसात इसरू काय?"

खरं आहे. ठोका न ऐकणारा डुबीवाला म्हणजे मेलेला डुबीवाला. आम्ही त्यांना तेच शिकवत होतो.

११ डिसेंबर

जयवंती कामावरून आली, पिशवी न ठेवताच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बा, खाडीत दहा होड्या असतात. दुसऱ्याचा ठोका पडला तर तू वर येतोस काय?"

"नाय. मी कशाला येऊ?"

"तुला कसं कलतं कोनाचा हाय ते? पान्यात तर सगलाच आवाज येतो."

"हाताला कलतं. आपला ठोका बांबूतून हातात येतो. दुसऱ्याचा नुसता कानात."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे मी नि जयवंती. तिचे डोळे असे मोठे झालेले मी पहिल्यांदाच बघितले, बरेच मोठे आहेत.

"मग त्या मशिनीत तुज्या हातात बांबू नवता," ती म्हणाली. "म्हनून तुला सगलेच ठोके आपले वाटले."

बांबू! लाकूड! लोखंड नाही! मशीनला चालेल! मी अंगणातून स्टेशनवर धावत सुटलो, ते पालघरला बाईंच्या दवाखान्यात. चप्पल घालायची राहिली. बाईंनी तिथल्या तिथे सरांना फोन लावला. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो सर, बांबू... नाही सर, मी गंमत करत नाहीये."

१३ डिसेंबर

काकांचा जुना बांबू, हात लागून गुळगुळीत झालेला, त्याचा वरचा तुकडा कापून घेतला. नळीत शिरून बाहेर माझ्या हातापर्यंत पोचेल एवढा. पाणी-माती सगळी धुऊन काढली. कर्ण्याचं चुंबक फिरवलं तर एका पेरावर टक्कन चिकटलं! दोर अडकवायला कधीतरी ठोकलेला बारीक खिळा आतच मोडून राहिला होता. देवूने चिमट्याने उपटला. परत फिरवलं, काही नाही. मी चुंबकाचा मुका घेतला. जयवंती बघत होती, म्हणाली, "चुंबकाचं नशीब."

आज काकांना वाजवून बघितलं. हातात बांबू, दुसरं टोक माझ्या हातात. देवूने घमेलं बडवलं, पिंप बडवलं. काका शांत! मी बोटाने बांबूवर टकटक केलं, अगदी हळू. हनुवटी वर, फुस्स. सगळ्या अंगणाने टाळ्या पिटल्या.

एकच भीती आहे. दम पुरत नाही. पूर्वी दोन बालद्या भरेपर्यंत खाली राहायचे. आज विचारलं तर म्हणाले, "अर्धी बालदी. लई तर पाऊन."

जयवंती मला बाजूला घेऊन म्हणाली, "उद्या तू आत उभा रानार. इकडंतिकडं बगू नको. तुजं चित्त म्हंजे वाऱ्यावरचं पिस हाय. उद्या एका जागी रा."

१४ डिसेंबर

सकाळीच निघालो. प्रतापने बांबू उलटसुलट करून बघितला, दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेली सूचना बघितली, सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "आण आत." मलाही कपडे बदलायला लावले, पट्टा, किल्ली, चेनवाली पँट, सगळं बाहेर. पाठीमागे नाड्यांचा झगा. जयवंतीने तोंडावर ओढणी धरली. ती हसली याचंच मला बरं वाटलं.

"किती वेळ रोखतील?" प्रतापने विचारलं.

"अर्धी बालदी," मी म्हटलं.

"म्हणजे किती?"

कोण सांगणार? मग मी मनात रेती भरत गेलो, तो घड्याळ बघत राहिला. "पुरेल," म्हणाला. "जेमतेम. पण एका दमात एकच फोटो. पुष्कळदा करावं लागेल."

ठरलं असं. प्रतापने काचेमागून हात वर केला की मी बांबूवर एक टिचकी द्यायची, म्हणजे डुबी. हात खाली आला की तीन, म्हणजे वर. कानात कापूस. काका आत गेले. मला त्यांचे पाय तेवढे दिसत होते, सुजलेले, आणि बांबूचं टोक माझ्या हातात.

हात वर. टिचकी. काकांचं पोट वर आलं नि थांबलं. ठक ठक ठक ठक ठक! माझ्या दातांत वाजत होतं. मला वाटलं आत्ता उठतात, आत्ता उठतात. बांबू हलला नाही. बांबू माझ्या हातात खाडीतल्यासारखा स्थिर, आणि दुसऱ्या टोकाला काका खाली, शेजारची होडी कितीही बोंबलू दे. हात खाली. टक टक टक. फुस्स!

काचेमागे प्रताप उभाच राहिला. अंगठा वर!

मग परत. परत. मध्येच काकांना खोकला आला, बाहेर काढलं, बसवलं. ओठ निळे झाले होते. जयवंतीने काचेतून बघून हात जोडले, कोणाला ते कळलं नाही. सर म्हणाले, थांबू या का? काकांनी बांबू सोडला नव्हता. म्हणाले, "राहिलेल्या बालद्या भरून घिऊ. परत कोन येनार?"

शेवटच्या वेळी हात खाली यायला उशीर झाला असं मला वाटलं. काकांचा हात थरथरत होता, मला बांबूतून कळत होतं. मी प्रतापच्या हाताकडे बघत राहिलो, बघत राहिलो, आणि तो खाली आला.

संपल्यावर लक्षात आलं, मशीनवर काय लिहिलंय, कुठल्या देशाचं आहे, ते वाचायचं राहूनच गेलं.

मग पडद्यासमोर बोलावलं. काळीज! हलणारं! अनेक फोटो एकामागून एक लावले की ते धडधडताना दिसतं. त्याच्याभोवती पांढरा शुभ्र पट्टा, ते पाणी. खाली फुप्फुसाच्या कोपऱ्यातही साठलेलं, चंद्रकोरीसारखं. आणि पट्ट्याच्या बाहेर एक बारीक काळी रेघ, तेच ते पिशवीचं कातडं. सरांनी तिच्यावर पेन्सिल ठेवली. सरांनी तीन-चार ठिकाणी मोजलं.

"पातळ आहे," ते म्हणाले. "कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आवळत नाहीये. नुसतं पाणी आहे. आणि सुई कुठून घालायची तेही दिसतंय, इथून."

जयवंतीने माझा हात धरला. मग तो माझा आहे हे बघून सोडला. मग परत धरला. प्रताप मला म्हणाला, "तू इथेच ये कामाला. सरांना सांगून लावतो तुला. रोज मशीन बघायला मिळेल." रोज मशीन! मी लगेच हो म्हटलं!

१७ डिसेंबर

सुईने पाणी काढलं. त्याच हॉस्पिटलात, काका शुद्धीत. बाटली भरत गेली तशी काकांची मान सैल होत गेली. पाणी पिवळसर, ताडीच्या रंगाचं.

"बाय, जरा चाखू काय?" काकांनी नर्सला विचारलं. "खारं का गोडं ते राह्यलंय कलायचं."

नर्स किंचाळली. ते पाणी तपासायला गेलं, टीबीचंच दिसतंय म्हणाले, गोळ्या चालू झाल्या. संध्याकाळी मी भेटायला गेलो तर काका झोपले होते. आडवे. सरळ पाठीवर. जयवंती स्टुलावर बसून नुसती बघत होती, जशी मी मशीन बघतो.

२ मार्च १९९७

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, रेती होती.

काकांच्या पायांची सूज उतरलीय. गोळ्या अजून चालू, डुबी मात्र बंद, बाईंनी तंबी दिलीय. आता ते वर बसतात आणि मी खाली जातो. कोणीतरी जायलाच पाहिजे ना. सध्या. प्रतापची दोन पत्रं आली, कधी येतोस म्हणून. लिहितो त्याला. पुढच्या महिन्यात नक्की.

आज मी तळाशी होतो. काहीच दिसत नव्हतं, रेतीत बालदी रुतवली होती, कानात साऱ्या होड्यांचे आवाज. आणि हातात आलं. ठक ठक ठक. आपला! बालदी टाकून असा वर आलो की डोकं होडीला आपटलं.

"काय झालं? होडी आली?"

"नाय."

"पाणी फिरलं?"

"नाय रे. भाकर आली."

काठावर जयवंती डबा घेऊन उभी. आज तिची सुट्टी.

"एवढ्यासाठी ठोकलंत? मी मेलो असतो घाबरून!"

"आपल्या होडीच्या मान्साला ठोकायचं नाय तर कोनाला ठोकू?" काका म्हणाले आणि उगाचच दुसरीकडे बघून हसायला लागले. हल्ली त्यांना हसताना खोकला येत नाही.

"चिंतामण!" काठावरून हाक आली. "लवकर ये, गार होतंय!"

माझं नाव तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर लाट आत शिरली. खारी. तशीच गिळून काठाकडे पोहत सुटलो.